छताला टांगलेली सायकल

आमची पहिली सायकल चोरीला गेली तेव्हा चोरानं कुलूप मागं ठेवलं होतं. नीट उघडून, जिन्याच्या कठड्याला अडकवून. आमच्या यांनी ते हातात घेतलं, खिशातली किल्ली लावून पाहिली. कुलूप लागलं, उघडलं, पुन्हा लागलं. "कुलूप चांगलं आहे," हे म्हणाले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. मी मैंदर्गीची. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं, निम्मं मराठीत. हे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होते, आणि आम्ही राहायचो शहराच्या दुसऱ्या टोकाला, विणकरांच्या वस्तीत, एका दुमजली घरातल्या वरच्या दोन खोल्यांत. खाली मालक राहायचे. तेलुगू बोलणारं, चादरी विणणारं कुटुंब. सकाळी त्यांचे माग सुरू झाले की वर आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायला लागायच्या. पहिले आठ दिवस मला भूकंप झाल्यासारखं वाटायचं, नंतर माग बंद पडले की दचकायला व्हायचं. बाहेरच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि एक घडीची खुर्ची. आतली खोली स्वयंपाकाची. एकानं बसून भाकरी थापावी आणि दुसऱ्यानं दारात उभं राहून बघावं, एवढी.

सायकल खाली जिन्याजवळ असायची. ती गेली त्या दिवशी आम्ही दोघं चौकीत गेलो. हवालदारांनी वही उघडली आणि सायकलीचं वर्णन विचारलं. यांनी सांगायला सुरुवात केली. डाव्या पॅडलचं रबर बाहेरच्या बाजूनं झिजलंय. पुढच्या मडगार्डला पोचा आहे, तो लग्नात मेव्हण्यानं चालवायला घेतली तेव्हाचा. घंटी दोनदा वाजते, पण दुसऱ्यांदा जरा दबून वाजते. उतारावर सोडली तर ती किंचित उजवीकडे जाते, पण तो तिचा दोष नाही, आधीच्या मालकाची सवय आहे. हवालदार शांतपणे ऐकून घेत होते. यांचं संपल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, मी वाकून पाहिलं. 'काळी' एवढंच लिहिलं होतं.

सायकल मिळाली नाही. तीन महिने हे कचेरीत चालत जात होते, आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक काळ्या सायकलीचं डावं पॅडल बघत होते. मग नवी सायकल आली. कोरी, मागं कॅरिअर, पुढं डायनॅमोचा दिवा. घरी आणली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं, मालकीणबाईंनी खालून फूल पाठवलं. आणि यांनी जाहीर केलं, की ही सायकल एक मिनिटसुद्धा खाली राहणार नाही. ती आपल्याबरोबर वर राहील.

"वर कुठं?" मी विचारलं.

"बघू," हे म्हणाले. पुढची दीड दोन वर्षं आम्ही ते बघत होतो.

जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या आणि मध्ये एक वळण. हे पुढून हँडल धरायचे, मी मागचं चाक उचलायची. मोजताना माझ्या तोंडून कानडीच यायचं. ओंदु, एरडु, मूरु. हन्नोंदुला, म्हणजे अकराव्या पायरीला, वळण यायचं. तिथं हँडल भिंतीकडे फिरवायचं, मागचं चाक कठड्यावरून काढायचं आणि दोघांनीही श्वास रोखायचा. रोज संध्याकाळी मी हन्नोंदु म्हटलं की खालून मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांना काळजी आमची नव्हती, भिंतीची होती. भिंतीला दिवाळीत चुना दिलेला होता आणि तिच्यावर आता हँडलच्या उंचीवर एक काळी रेघ उमटत चालली होती.

मालक वर आले. भला माणूस, पण त्यांच्या मराठीत नर-मादीचा हिशेब नव्हता. "साहेब, सायकल चांगला आहे," ते म्हणाले. "पण भिंत काळा झाला."

यांनी दर रविवारी ती रेघ स्वतः पुसायचं कबूल केलं. मालकांनी मान डोलावली आणि खोलीत डोकावून पाहिलं. सायकल खाटेला समांतर उभी होती. खाट आणि सायकल यांच्यामध्ये वीतभर जागा होती, तेवढ्यातून मी स्वयंपाकघरात जायची-यायची. मालकांनी जरा वेळ पाहिलं आणि ते खाली गेले.

त्या वीतभर वाटेनं माझी तीन पातळं फाडली. पॅडल नेमकं निऱ्यांच्या उंचीवर यायचं. हातात आमटीचं पातेलं असलं की पाय सोडवताही यायचा नाही, मग मी जागच्या जागी उभी राहून यांना हाक मारायची आणि हे येऊन आधी पॅडल तपासायचे. मी एकदा चिडून सायकल सज्जात नेऊन ठेवली. सज्जात मालकांच्या रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या. संध्याकाळी एका लडीला साखळीचं तेल लागलेलं सापडलं, आणि सज्जा बंद झाला. मग स्वयंपाकघरात ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले ते पाठीमागं पांढरे होऊन, कारण सीटवर ज्वारीचं पीठ सांडलं होतं आणि ते कुणी यांना दुपारपर्यंत सांगितलंच नाही. शेवटी सायकल परत खाटेजवळ आली.

अशात सासूबाईंचं पत्र आलं. सासरचं गाव श्रीपूरच्या बाजूला. सासरे तिथल्या साखर कारखान्यात होते आणि उसाचा हंगाम असल्यानं त्यांना हलता येत नव्हतं. म्हणून सासूबाई एकट्याच धाकट्या नणंदेला घेऊन येणार होत्या. यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी नणंदेसाठी सोलापूरचं एक स्थळ काढलं होतं. मंडळी आमच्याच घरी मुलगी बघायला येणार होती.

मी पत्र वाचलं आणि खोलीकडे पाहिलं. आम्ही दोघं, त्या दोघी, पाहुणे तीन-चार, आणि ही. "आठ दिवस खाली ठेवू या," मी म्हणाले.

"आठ दिवस कशाला, चोराला एक रात्र पुरते," हे म्हणाले. आणि पुढं हळूच म्हणाले, "आई एकदा चुलीजवळ बसली की तिला फार जागा लागत नाही."

हे मी कुठंच बोलले नाही, पण मालकीणबाईंना ते कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मालक दोन लोखंडी आकडे, दोन कप्प्या आणि दोरखंडाचं वेटोळं घेऊन वर आले. सुताची जड गाठोडी वर ओढायला त्यांच्याकडे कप्प्या होत्याच. आमचं छत लोखंडी गर्डरांवर शहाबादी फरशा टाकलेलं. मालकांनी खाटेवर उभं राहून गर्डरला आकडे अडकवले, कप्प्या बांधल्या, दोरी ओवली आणि यांना म्हणाले, "ओढा."

यांनी ओढलं. सायकल जमिनीवरून उचलली गेली, थोडी गरगरली आणि छताखाली जाऊन स्थिर झाली. मालकांनी दोरीचं टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधलं. आम्ही तिघं मान वर करून उभे होतो. खोलीत एकदम ऐसपैस झालं होतं. मी खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मालक हसायला लागले.

सासूबाई आल्या त्या दारातच थांबल्या. आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. "या आत्याबाई," मी म्हटलं, तरी त्यांचा पाय आत पडेना. त्यांची नजर वर होती.

"ही हितं काय करतीय?"

"खाली चोरी होते, आई," हे म्हणाले.

"मग वर टांगलीस व्हय? बोकड टांगल्यागत?" त्या आत आल्या, पण सायकलीखाली बसायला तयार होईनात. भिंतीच्या कडेकडेनं जाऊन त्या स्वयंपाकघरात बसल्या. नणंद मात्र ट्रंकेवर चढली आणि हात उंचावून चाक फिरवून पाहायला लागली. तिचं शिक्षकीचं शिक्षण नुकतंच पुरं झालं होतं आणि नेमणुकीच्या हुकमाची ती वाट बघत होती. अंगानं काटक, बोलण्यात कमी, आणि हसू आलं की दाबता न येणारी.

दोन दिवसांत सासूबाईंची भीड चेपली. उंचावर, हवेशीर आणि उंदराच्या तावडीबाहेर असलेली ती घरातली एकमेव जागा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी गावाकडून आणलेली लसणाची वेणी कॅरिअरला बांधली. हे सकाळच्या गडबडीत ती तशीच घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी आले तेव्हा वेणी अर्धी होती. "साहेबांनी घेतला," हे म्हणाले. "म्हणाले, गावरान दिसतो."

बघण्याचा दिवस रविवारचा ठरला. त्या दिवशी तरी सायकल खाली न्या, असं सासूबाईंनी, मी आणि नणंदेनं वेगवेगळं सांगून पाहिलं. यांचं उत्तर एकच होतं. रविवारी दुपारी वस्ती निजलेली असते, चोरासाठी तोच मुहूर्त. शेवटी तडजोड झाली. सायकल आणखी वर ओढायची आणि तिच्यावरून चादर टाकायची. मालकीणबाईंनी मागावरून नुकतीच उतरलेली निळ्या पट्ट्यांची नवी चादर दिली. ती सायकलीवरून सोडली, खालून टोकं वळवून टाके घातले. लांबून झोळीसारखं काहीतरी दिसत होतं. यांना ते फार आवडलं. "आता कुणाचं लक्षही जाणार नाही," हे म्हणाले.

पाहुणे तीन आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची मावशी. वडील निवृत्त हेडमास्तर. उंच, कडक इस्त्रीचं धोतर, काळी टोपी, आणि सगळ्या शाळेला एका दमात ऐकू जावा असा आवाज. कान मात्र जरा कमी झाले होते. मुलगा एका दुकानात हिशेब लिहायचा. मावशी सोलापुरातल्याच, गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. हेडमास्तरांना घडीच्या खुर्चीवर बसवलं, मावशी आणि मुलगा खाटेवर, आम्ही खाली सतरंजीवर. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तेव्हा मावशी वर बघत होत्या.

"ते काय हो?" त्यांनी विचारलं.

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी यांच्याकडे, हे पोह्यांकडे. मग सासूबाई म्हणाल्या, "पाळणा हाय."

बशी माझ्या हातात तिरकी झाली. मावशींचा चेहरा मात्र लोण्यासारखा मऊ झाला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत प्रेमानं न्याहाळलं. "किती महिन्यांचं?"

आता सासूबाईंना मागं फिरता येत नव्हतं. "तीन," त्या म्हणाल्या.

"मुलगा की मुलगी?"

"पोरगा," सासूबाई म्हणाल्या. खोटं सांगायचंच झालं तर त्यात कमी कशाला करायची, असा त्यांचा विचार असावा.

"झोपलंय वाटतं."

"आत्ताच झोपलंय."

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. हेडमास्तर त्या वेळी आपल्या कारकिर्दीतल्या एका इन्स्पेक्टरची हकीकत सांगत होते. मावशींनी त्यांना वर बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी झोका दिल्याची खूण केली. हेडमास्तरांनी वर पाहिलं, मान हलवली आणि आवाज एकदम खाली आणला. तिथून पुढं मुलगी बघण्याचा सगळा कार्यक्रम कुजबुजत पार पडला.

खाली माग चालू होते. मालकांकडे चादरींची मोठी मागणी आली होती, त्यामुळं रविवार असूनही सुट्टी नव्हती. खडखड, खडखड असा सलग आवाज येत होता, कपबश्या वाजत होत्या, आणि त्यात आम्ही आठ फुटांवर बसलेल्या माणसाशी कुजबुजत बोलत होतो.

"एवढ्या आवाजात झोपतं?" मावशींनी माझ्या कानाशी विचारलं.

"सवय हाय त्याला," सासूबाई म्हणाल्या. एका अर्थी ते खरंच होतं.

नणंद मान खाली घालून बसली होती. हेडमास्तर पुढं वाकले आणि कुजबुजले, "शिक्षण किती?"

"डी.एड.," ती पुटपुटली.

"बी.ए.?"

"डी.एड."

"बी.एड.? म्हणजे आधी बी.ए. पण झालीच असणार." हेडमास्तर मागं टेकले. जरा विचारात पडले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, ही तुझ्यापेक्षा फार शिकलीय." मुलगा पोहे खात होता. त्यानं मान हलवली. नणंदेचे खांदे थरथरताना मला दिसत होते. तिला रडू येतंय असं मावशींना वाटलं. मला तिची सवय ठाऊक होती.

यांनी सगळा वेळ तोंड उघडलं नव्हतं. खोटं बोलण्यात भाग घ्यायचा नाही आणि आईला खोटं पाडायचंही नाही, अशा पेचात हे बसले होते. मी डोळ्यांनी विचारलं, सांगू का? यांनी डोळ्यांनीच उत्तर दिलं, की आता कसं सांगणार.

आणि तेवढ्यात मावशींनी कमरेची पिशवी सोडली. आतून एक रुपया काढला. "पहिल्यांदा घरी आलेय," त्या कुजबुजल्या. "बाळाच्या हातावर ठेवल्याशिवाय कशी जाऊ? उठवत नाही मी त्याला." असं म्हणून त्या खाटेवर उभ्या राहिल्या.

"नको मावशी," मी म्हणाले. मागांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी हात वर करून आधी पाळण्याला एक हलका झोका दिला. आतून टिक टिक टिक टिक असा आवाज आला. मागचं चाक फिरत होतं.

"खुळखुळा आहे वाटतं," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

सकाळी सायकल आणखी वर ओढल्यावर खिडकीच्या गजाची गाठ यांनी स्वतः मारली होती. ती गाठ आता झोक्यानं म्हणा, मागांच्या हादऱ्यानं म्हणा, सुटायला लागली. सायकल पडली नाही. दोरी कप्पीतून कुरकुरत सरकत गेली आणि पुढची बाजू हळूहळू खाली यायला लागली. टाके एकेक करून उसवले. चादरीतून आधी दिवा बाहेर आला, मग घंटी, मग हँडल. ते सगळं अगदी सावकाश हेडमास्तरांच्या समोर येऊन त्यांच्या छातीच्या उंचीवर थांबलं. दोरी कप्पीत अडकली होती. हेडमास्तरांनी दोन्ही हात पुढं करून हँडल धरलं. दुसरं ते काय करणार होते?

"ही सायकल आहे," ते म्हणाले. तासाभरात पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या आवाजात.

हे उठले. पाहुण्यांची क्षमा मागतील म्हणून मी बघत होते. यांनी आधी पुढच्या चाकाचे आरे हातानं चाचपून पाहिले, मग ब्रेक दाबला. मग क्षमा मागितली.

"बाळ कुठं आहे?" मावशी अजून खाटेवरच उभ्या होत्या, हातात रुपया धरून.

"बाळ न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्यावर नणंद हसली. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी हसू बोटांमधून फुटलं, आणि बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीनं असं हसू नये हे ठाऊक असल्यानं ते अधिकच वाढलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मग पदरानं डोळे पुसून तिनंच सरळ सांगून टाकलं. "सायकल आहे. खालून चोरीला जाते म्हणून दादा वर ठेवतो. आईला सांगायची लाज वाटली. आणि मी बी.एड. नाही, डी.एड. आहे."

हेडमास्तरांनी हँडल यांच्या हातात दिलं. "सायकल आहे म्हणून सांगितलं असतं, तर आम्ही काय केलं असतं, बाई?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. रागानं नाही, पण मुलाच्या पाटीवरची चूक दाखवावी तसं.

सासूबाई बराच वेळ सतरंजीच्या कडेचे धागे ओढत होत्या. "पावणं म्हणतील, लेकाच्या घरात बसाय जागा न्हाय आन् डोस्क्यावर सायकल," त्या म्हणाल्या. "त्येचा बाप हितं न्हाय. मला एकलीला काय सुचंना."

एकदम कुणालाच हसावंसं वाटेना. हेडमास्तर टोपी सारखी करत राहिले. मावशी खाटेवरून उतरल्या, माझ्याजवळ आल्या आणि तो रुपया माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली. "असू दे," त्या म्हणाल्या. "होईल तेव्हा." मुलानं पोहे संपवले, बशी नीट खाटेखाली सरकवली आणि तो वडिलांच्या मागोमाग उठला.

आठवड्यानं कचेरीतल्या स्नेह्यांकडून नकार आला. घर लहान आहे, आणि माणसं मोकळी वाटली नाहीत, असा निरोप होता. सासूबाईंनी तो ऐकला आणि सायकलीकडे पाहिलं. पुढचे काही दिवस त्या तिच्याकडे पाठ करून बसायच्या. यांना दोनदा जेवायला वाढलं नाही, मी वाढलं. नणंदेला वाईट वाटलं असेल म्हणून मी एकदा भांडी घासताना विचारलं.

"वहिनी," ती म्हणाली, "त्याच्या बापाच्या छातीवर सायकल आली, तरी त्यानं बशीतून मान वर केली नाही. असल्या माणसाबरोबर मी काय बोलले असते?"

नेमणुकीच्या हुकमाची वाट बघत त्या दोघी आमच्याकडेच राहिल्या होत्या. महिन्याभरात तो आला. अक्कलकोट तालुक्यात, माझ्या माहेरच्याच मुलखात, एका खेड्यातली शाळा. एस.टी. फाट्यापर्यंत जायची, पुढं अडीच मैल पायवाट. राहण्यासाठी खोली मिळाली तीही फाट्याजवळच. म्हणजे रोज पाच मैलांची चाल. आम्ही सगळे हुकूम हातोहात फिरवत होतो. सासूबाई म्हणाल्या, "चालंल की. आमी न्हाय चाललो?" आणि मग जरा वेळानं, कुणी काही न विचारता, म्हणाल्या, "पावसाळ्यात चिखल असतो पर तिकडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे यांनी बहिणीला उठवलं. सायकल खाली उतरवली, मी मागचं चाक धरलं, आणि हन्नोंदुला श्वास रोखून ते दोघं तिला मैदानावर घेऊन गेले.

आठ वाजता परत आले ते दोघंही धुळीनं भरलेले. अडचण दांडीची होती. पुरुषी सायकल, मध्ये दांडी, आणि अंगावर पाचवारी पातळ. पाय टाकताच येत नव्हता. दांडीखालून पाय घालून कैची मारायचा प्रयत्न केला तर साखळीत काठ गेला. बायकांची सायकल घेण्याची गोष्ट हे बोलायला लागले, पण ते होण्यासारखं नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. सासूबाई चुलीसमोर बसून ऐकत होत्या. त्यांनी भाकरी उलटली, हात झटकले, उठून ट्रंक उघडली आणि आपलं हिरवं नऊवारी लुगडं बाहेर काढलं.

"हे नेस," त्या म्हणाल्या. "कासोटा घट्ट मारला का घोड्यावर बी बसता येतंय."

त्यांनी स्वतः तिला नेसवलं. मागं कासोटा खोचताना दोनदा सोडून पुन्हा बांधला. नणंद जुन्या जमान्यातल्या पाटलिणीसारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही सगळेच गेलो. हे कॅरिअर धरून पळत होते, सासूबाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून "फुडं बघ, चाकाकडं बघू नगं," असं ओरडत होत्या. त्या जन्मात कधी सायकलीवर बसल्या नव्हत्या, पण बैलगाडी हाकलेली होती. चौथ्या दिवशी यांनी हात सोडला तो तिला कळलाच नाही. ती मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेली, वळता येईना म्हणून तशीच रस्त्यावर गेली आणि पंधरा मिनिटांनी दुसऱ्याच बाजूनं परत आली.

रुजू व्हायला निघाली त्या दिवशी आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो. सायकल टपावर चढवायची होती. यांनी हमालाला बाजूला करून स्वतः शिडी चढून ती वर नेली, दोन चादरींत गुंडाळली, चारी बाजूंनी बांधली. खाली उतरून कंडक्टरला सांगायला लागले, की वळणावर जरा जपून. कंडक्टर म्हणाला, गाडी मी चालवत नाही. मग हे ड्रायव्हरकडे गेले. गाडी सुटली तेव्हा सासूबाई खिडकीतल्या मुलीकडे बघत होत्या आणि हे टपाकडे.

घरी आल्यावर मी केर काढला. छताला नुसते आकडे होते. जागा एवढी होती, की कुठं बसावं ते आम्हाला कळेना, आणि सगळे आपले भिंतीला टेकून बसलो. सासूबाई दोन दिवसांनी गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "तू आता चालत जाणार व्हय कचेरीला?" हे म्हणाले, व्यायाम होतो. वर्षभर यांनी तो व्यायाम केला.

नणंदेचं पहिलं पत्र पंधरा दिवसांनी आलं. शाळेत पोरं चांगली आहेत, पण सगळी कानडी बोलतात. वहिनीकडून ऐकलेले आकडे उपयोगी पडले. गावातल्या बायका आधी लुगड्यातल्या मास्तरीणबाई बघायला रस्त्यावर यायच्या, आता येत नाहीत. सायकल उत्तम आहे. शाळेत ती बाहेर लिंबाखाली उभी असते. कुलूप लावत नाही, कारण त्याची किल्ली ओढ्यात पडली आणि इथं कुणी सायकल चोरत नाही. खोलीवर आल्यावर ती घरमालकिणीच्या गोठ्यात ठेवते. म्हैस अधूनमधून सीट चाटते, तेवढंच.

हे खिडकीजवळ उभे राहून पत्र वाचत होते. मला वाचून दाखवताना लिंबापर्यंत आवाज ठीक होता, पुढं मंद होत गेला. पत्राची घडी करून यांनी ती खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा वाचली. मग खुर्चीवर बसून ट्रंकेवर कागद पसरला. मी स्वयंपाक करून, भांडी घासून बाहेर आले तेव्हा चार पानं भरली होती आणि पाचव्यावर हे गोठ्याचं चित्र काढत होते. म्हैस कुठं बांधायची, ते बाणानं दाखवलं होतं.